ज्याचा टायर त्याच्या डिकीत

१

गाडी एका बाजूला ओढते अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी गाडीकडे बघत नाही, माणसाकडे बघते. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. कुणाचं कोपर जन्मभर खिडकीवर टेकलेलं असतं, कुणी मागच्या खिशात वीटभर पाकीट ठेवून तिरकं बसतं. एका आजोबांची गाडी नेहमी एकाच बाजूला झुकायची. आजी कुठे बसतात एवढंच मी विचारलं, तर आजी फणकाऱ्याने उतरल्या आणि पायी घरी गेल्या. त्या दिवशी गाडी सरळ चालली, पण आजोबांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

आमचं दुकान टायरचं, वडिलांनी टाकलेलं. टायर काढणं-घालणं, हवा, पंक्चर हे सगळं धाकट्याकडे. धाकटा म्हणजे माझा भाऊ. चाकांचे कोन जुळवणं आणि गाडी रस्त्यावर नेऊन सरळ जाते का ते बघणं माझ्याकडे. नवीन गिऱ्हाईक सगळी रामकहाणी धाकट्याला सांगतं, धाकटा माझ्याकडे बोट दाखवतो, मग ते गिऱ्हाईक घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. मला आता त्याचं काही वाटत नाही. वाटतं, पण कामाच्या वेळी वाटून घेत नाही.

वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, स्टिअरिंग दोन बोटांनी धरायचं. घट्ट धरलं की आपलीच ताकद आपल्याला कळते, गाडीचं काही कळत नाही. दुसरी, ज्याचा टायर त्याच्या डिकीत. म्हणजे काढलेला जुना टायर दुकानात ठेवायचा नाही, कितीही गुळगुळीत झालेला असो, गिऱ्हाइकाला परत द्यायचा. लोक कुरकुरायचे, घरी नेऊन काय पूजा करू का म्हणायचे. वडील हसून टायर डिकीत टाकायचे आणि झाकण लावायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एका शब्दात भागत असेल तर ते दुसरा शब्द खर्च करत नसत. चोरीचा आळ नको म्हणून करत असतील, असं आम्ही दोघं धरून चाललो.

आणखी एक काम माझ्याकडे आहे आणि खरं तर तेच सगळ्यात मोठं. धाकट्याची मुलगी. तिला घरात कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे भिंगरीच म्हणतात, कारण पोरीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. दार उघडं दिसलं की ही रस्त्यावर. एकदा ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. तेव्हापासून वहिनी इस्पितळात ड्यूटीवर निघताना न चुकता म्हणते, ‘वन्सं, हिच्यावर लक्ष असू द्या हं.’ मी न चुकता ‘हो’ म्हणते. मला मूलबाळ नाही. घराच्या वरच्या खोल्या माझ्या, खालच्या त्यांच्या, आणि भिंगरी मधल्या जिन्यावर.

२

दातांचे डॉक्टर आले ते दुपारी. त्यांची गाडी ठेंगणी, राखाडी, दोनच माणसांची. तिच्यात माणूस बसत नाही, पडतो. उतरताना डॉक्टरांना दाराचा आधार घ्यावा लागला आणि ते स्वतःच हसले. भला माणूस आहे. फक्त बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघतो, त्यामुळे मी तोंड मिटून ऐकत होते.

महिन्याभरापूर्वी धाकट्याने त्या गाडीला चारही टायर नवे घातले होते. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढते म्हणाले. सुरुवातीला तर जाईल तिथे सगळीकडेच ओढायची, कधी इकडे कधी तिकडे, आता एकाच बाजूला ओढते. ते पुन्हा पुन्हा सांगत होते की दोष कुणाला देत नाही, पण आधी हे नव्हतं. दोष देत नाही म्हणणारा माणूस काय म्हणतो आहे ते मला समजतं. आमच्या दुकानातून गेलेली गाडी वाकडी चालते हे ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी शिरस्त्याप्रमाणे आधी डॉक्टरांकडे बघितलं. सडपातळ माणूस, सरळ उभा, खिशात रुमालाशिवाय काही नाही. मग गाडी घेतली. चारही चाकांतली हवा मोजली, ती बरोबर. चाकं उचलून हाताने फिरवली, कुठे ब्रेक चिकटत नव्हता. मशीन लावलं, तर पडद्यावर सगळे कोन हिरवे. मग धाकट्याला सांगून पुढचे दोन टायर रिमवरून उतरवून डावा उजवीकडे, उजवा डावीकडे घातला. ही शेवटची परीक्षा असते. टायर मुळातच तिरका बनला असेल, तर बाजू बदलल्यावर गाडी दुसऱ्या बाजूला ओढायला लागते. तसं झालं की आपण सुटलो, कारखान्याकडे बोट दाखवायचं.

दुकानाबाहेरच्या रस्त्यावर नेली, दोन बोटं लावली. गाडी डावीकडेच गेली. जोरात नाही, हिसका नाही. लहान मूल पदर धरून चालतं ना, तशी.

३

पाण्याच्या टाकीच्या चौकात मी गाडी वळवली आणि त्याच रस्त्याने परत निघाले, तेव्हा ती उजवीकडे ओढायला लागली.

मी कडेला थांबले. चूक माझी असेल असं म्हणून पुन्हा गेले, पुन्हा आले. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. मग मला हसू आलं. अगं बाई, रस्ताच कलता आहे. सगळा रस्ता एका अंगाला उतरता असेल तर कुठलीही गाडी तिकडेच जाणार. इतकी वर्षं याच रस्त्यावर गाड्या बघितल्या आणि आजवर कधी हे जाणवलं नाही, हा विचार तेव्हा मनात आला होता, पण मी तो बाजूला सारला.

बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे सिमेंटचं मोठं पटांगण आहे. तिथे पाणी ओतलं तर जागच्या जागी पसरतं, इतकं सपाट. वडील मला तिथेच गाडी शिकवायला नेत. मी राखाडी गाडी तिथे नेली, मधोमध उभी केली आणि एकेका दिशेने सोडून बघितली. पूर्वेला नेली तर उजवीकडे वळली. पश्चिमेला नेली तर डावीकडे. पाठ फिरवून नेली तर स्टिअरिंग जड झालं आणि गाडी हळूहळू अख्खा वळसा घ्यायला लागली. तोंड कुठेही असो, ती जात होती एकाच बाजूला. टाकीच्या बाजूला.

वारा असेल म्हणून मी खाली उतरून रुमाल धरला. रुमाल सरळ लोंबत होता. परत आल्यावर धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘टाकीत लोहचुंबक भरलं असेल.’ त्याला गंमत सुचते. मी त्याला हातातलं काम नीट कर म्हणून सांगितलं. डॉक्टरांना फोन करून गाडी आणखी ठेवावी लागेल म्हटलं, ते ठीक आहे म्हणाले.

टाकीच्या खालच्या अंगाला आमची गल्ली आहे. ते मला तेव्हाही माहीत होतंच. पण टाकीच्या खाली शेकडो घरं आहेत.

४

घरी गेले तेव्हा उजेड होता; गेला महिनाभर मी यायचे तोवर अंधार पडलेला असायचा. आवारात शांतता होती आणि तेच मला खटकलं. आमच्या आवारात शांतता नसते, भिंगरी असते.

ती झाडाखाली झोक्यात बसली होती. दोन दोरांना आडवा बांधलेला टायर, आणि त्याच्या भोकात पाय सोडून ही. झोका घेत नव्हती. दोन्ही हातांनी दोर धरून, समोर कुंपणाच्या वर कुठेतरी बघत, स्वस्थ. मी हाक मारली तेव्हा मान वळवून हसली आणि पुन्हा समोर बघायला लागली. वहिनी ओट्यावरून म्हणाली की गेले कित्येक दिवस असंच चाललंय, शाळेतून आली की यात बसते ते जेवायलाच उतरते. ‘दृष्ट लागेल माझीच. एका जागी बसलेली लेक बघायला डोळे तरसले होते.’ मीही हो ला हो केलं. खरंच सांगते, मलाही बरं वाटलं होतं. झोक्यातली पोर रस्त्यावर जात नाही.

टायर रुंद होता, कडेला बुटका. साध्या गाडीचा नव्हता. मी धाकट्याला विचारलं, कुठला हा?

‘त्या दातांच्या डॉक्टरचा,’ तो म्हणाला. ‘डिकी आहे का त्या गाडीला? जेवणाचा डबा आहे. चारातला एक मावेल तर शपथ. तीन भंगारात गेले, त्यांचा केव्हाच भुगा झाला असेल. हा जरा बरा होता म्हणून हिच्यासाठी आणला.’

मी वडिलांचा नियम काढला. तो हसला, म्हणाला की ताई, वडील मांजर आडवं गेलं तरी थांबायचे. हे खोटं आहे, वडील कुणासाठीच थांबत नसत. पण त्या वेळी मी वाद घातला नाही. मी झाडाकडे बघत होते. भिंगरी ज्या बाजूला तोंड करून बसली होती, ती बाजू आमच्या दुकानाची होती, आणि दुकानात राखाडी गाडी उभी होती.

योगायोग, मी म्हटलं. कुठेतरी तोंड करून बसणारच ना मूल.

५

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर राखाडी गाडीची पुढची चाकं वळलेली होती. मी सरळ ठेवून गेले होते. स्टिअरिंग सैल सोडलं की कधी कधी वळतं थोडं, होतं असं. पण मला राहवेना. शाळा सुटायची वेळ झाल्यावर मी गाडी काढली आणि या वेळी ठरवलं, आपण चालवायची नाही. वेग अगदी बेताचा ठेवायचा, दोन बोटं नुसती टेकवायची आणि ही कुठे म्हणते ते बघायचं.

चौकात ती वळायला बघायची तिथे मी वळू दिलं. पुढे शाळेची भिंत, मग दवाखाना, मग आमची गल्ली. मला वाटलं होतं की कुठेतरी ती चुकेल आणि मी हसून परत जाईन. गल्लीच्या तोंडाशी स्टिअरिंग हलकं झालं, आणि आमच्या फाटकासमोर ते आपोआप फाटकाकडे वळलं. मी ब्रेक दाबला.

आवारात भिंगरी झोक्यात होती. तोंड माझ्याकडे.

मी गाडी मागे घेतली, गल्लीच्या वरच्या टोकापर्यंत. कुंपणाच्या फटींतून झोका दिसत होता. मी सरकत होते आणि झोका सावकाश फिरत होता. खालच्या टोकाला आले, तसा तोही परत फिरला. दोर पिळलेला असेल, मी मनाशी म्हटलं, पीळ सुटतोय. पण पीळ सुटणारा दोर एकदा सुटतो, मागेपुढे करत नाही. हे मलाच माहीत होतं, आणि मलाच समजावताही येत नव्हतं.

मी उतरून आत गेले. ‘कशाला गं फिरवतेस एवढा? चक्कर येईल,’ मी म्हटलं.

‘मी नाही फिरवत, आत्या,’ भिंगरी म्हणाली. ‘माझे पाय वर आहेत बघ.’

तिचे पाय वर होते. जमिनीपासून चांगले हातभर. मी तिला उचलून काढायला गेले तर तिने दोर सोडले, कुरकुर नाही केली, पण अंग जड लागलं मला. झोपलेलं मूल जड लागतं तसं. फाटक लावून घेतलं आणि कडी दोनदा ओढून पाहिली. मी घाबरले होते आणि कशाला ते मला सांगता आलं नसतं.

६

त्याच रात्री, भिंगरी झोपल्यावर, मी दोर कापले. धाकटा बघत राहिला, वहिनी म्हणाली अहो राहू द्या की, पण माझा चेहरा बघून दोघं बाजूला झाली. टायर लोटत गाडीपाशी नेला. डिकीत जाईना, तेव्हा शेजारच्या सीटवर उभा ठेवला, आणि वळणावर माझ्या अंगावर येऊ नये म्हणून त्याला पट्टा बांधला. पट्टा कट्टकन बसला.

मग दोन बोटं लावून निघाले. टाकीपर्यंत गेले, परत आले, पटांगणात गेले, चारही दिशांना सोडून बघितली. गाडी आखल्यासारखी सरळ. मी बोटं काढून घेतली तरी सरळ. इतकी वर्षं या धंद्यात आहे, अशी सरळ चाललेली गाडी मी पाहिली नव्हती. मला रडू यायला लागलं आणि लगेच स्वतःचा रागही आला.

डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा मी एवढंच सांगितलं की जुना टायर गाडीतच ठेवा, काढू नका. त्यांनी सीटवर पट्टा बांधून बसलेल्या टायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वजनाचा तोल आहे, मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला थाप मारली. ते म्हणाले की बायको तसंही या गाडीत बसत नाही, तेव्हा हरकत नाही, आणि हसत निघून गेले.

भिंगरीने दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर लोंबणारे दोर बघितले. आता भोकाड पसरणार म्हणून मी खाऊ तयार ठेवला होता. तिने फक्त विचारलं, ‘गाडीत ठेवलास?’ मी हो म्हटलं. ती बरं म्हणाली आणि पायरीवर बसली.

मी तिला टायर कुठे ठेवला ते सांगितलं नव्हतं.

७

नंतरचे दिवस साधेच गेले. भिंगरी पुन्हा पळायला लागली, दोनदा पडली, एकदा शेजाऱ्यांची कुंडी फोडली, आणि मी शेजाऱ्यांचं बोलणं ऐकताना मनातून खूश होते. मग एका सुट्टीच्या दिवशी ती सायकल ढकलत आली. म्हणाली, ‘आत्या, सायकल एका बाजूला ओढते.’

धाकटा मोठ्याने हसला. म्हणाला, कुत्र्याचं शेपूट आणि आत्याची भाची, दोन्ही वाकडीच. मी हसले नाही. सायकल उलटी करून चाकं फिरवली. चाकात बाक नव्हता. हँडल सरळ, हवा ठीक, ब्रेक कुठे घासत नव्हता. पुढचं चाक काढून पुन्हा बसवलं. मग स्वतः त्या एवढ्याशा सायकलवर बसून गल्लीच्या टोकापर्यंत गेले, सगळी गल्ली बघत होती. सायकल सरळ गेली. सरळ आली.

आधी माणूस बघायचा असतो. हा माझाच शिरस्ता. त्या दिवशी मी सायकल बघत बसले, कारण माणसाकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

शेवटी सायकल भिंतीला टेकवली आणि म्हटलं, चल, चालून येऊ. तिचा हात मी दोन बोटांत धरला. नुसता टेकवून. आम्ही फुटपाथने निघालो, ती शाळेतलं काहीतरी सांगत होती, कोणी कोणाचा डबा खाल्ला वगैरे. दिव्याच्या पहिल्या खांबापाशीच मला कळलं. ती डावीकडे जात होती. तिला ठाऊकही नव्हतं. पाय सरळ टाकत होती, तरी दर पावलाला जराशी डावीकडे, फुटपाथच्या कडेकडे, रस्त्याकडे.

टोकाशी आम्ही वळलो. परत येताना ती उजवीकडे जात होती.

८

आम्ही अजून घरापासून लांब होतो, तेव्हा ते वाढलं. आधी बोटांना नुसती जाणीव होत होती, आता हात ताणला जायला लागला. आणि दिशा हलत होती. टाकीच्या बाजूने शाळेच्या बाजूला, तिथे थोडी थांबून दवाखान्याच्या बाजूला. मला कुणी सांगायला नको होतं. त्या वळणांवरून मी स्वतः गाडी आणली होती. मी भिंगरीला उचलून पळणार होते, पण पळायचं कुठे? घरीच ना? फाटकाशी पोहोचले तेव्हा ओढ सरळ समोरून येत होती आणि गल्लीच्या तोंडाशी राखाडी गाडी वळत होती.

ती आमच्यापाशी येऊन थांबली. डॉक्टर दाराला धरून उतरले. चेहऱ्यावर कुतूहल होतं, बाकी काही नाही.

‘ताई, तुम्ही इथे?’ ते म्हणाले. ‘पुन्हा ओढायला लागली हो. आज म्हटलं बघू तरी कुठे जाते, आणि हात सोडूनच दिले. तुमचं घर आहे होय हे?’

मी काचेतून आत बघत होते. टायर शेजारच्या सीटवर नव्हता, खाली पाय ठेवतात तिथे आडवा पडला होता. डॉक्टरही वाकून बघायला लागले, म्हणाले की वळणावर घरंगळला बहुतेक. पट्टा मात्र सुटलेला नव्हता. आत टायर नसताना पट्टा मागे ओढला जाऊन सीटला चिकटायला हवा. तो फुगीर होता. कुणाच्या तरी छातीवरून गेल्यासारखा ताणलेला, सीटपासून वीतभर पुढे, आणि मध्ये काही नाही. सीटची गादी एका कडेला दबलेली होती. दुसरी कड वर होती, मोकळी.

‘बघ, सरकून बसलाय,’ भिंगरी म्हणाली. अगदी साध्या आवाजात, आपल्या वर्गातल्या मुलाबद्दल सांगावं तसं. ‘माझ्यासाठी जागा केलीय.’

‘कोणी गं?’

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिला तिचंच नाव विचारलंय. मग तिने दाराकडे पाऊल टाकलं.

त्या वेळी माझ्या डोक्यात जे आलं ते सांगते, कारण ते आलं होतं. वडिलांचा नियम आला होता. ज्याचं आहे ते त्याच्यात ठेवलं की गाडी सरळ चालते. मी एकदा करून बघितलं होतं, गुण आला होता. आता काय ठेवायचं बाकी आहे ते मला नीट समजत होतं, आणि समजलं म्हणून माझी मलाच शिसारी आली.

मी भिंगरीचा हात दोन्ही हातांनी धरला. डॉक्टरांना म्हटलं, ‘गाडी मागे घ्या. आत्ताच्या आत्ता.’

‘पण गाडीला झालंय तरी काय?’

‘काही नाही झालं. गाडीत दोष नाही. तुम्ही जा.’

ते गोंधळले, थोडे दुखावलेही असतील. पण गेले. गाडी मागे जाताना पुढची चाकं आमच्याकडे वळत होती आणि ते पुन्हा पुन्हा सरळ करत होते. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत मी हात सोडला नाही. तळहात घामाने भिजला होता, भिंगरी ‘दुखतंय’ म्हणाली, तरी सोडला नाही.

९

डॉक्टरांनी गाडी विकली. मीच मागे लागले होते, टायरसकट विका म्हणून. लांबच्या गावच्या कुणा हौशी माणसाने घेतली. डॉक्टर आता साधी गाडी चालवतात आणि रस्त्यात भेटले तर हसतात, पण आमच्या दुकानात येत नाहीत.

भिंगरी ठीक आहे. अभ्यास करते, भांडते, उंच होत चालली आहे. तिला शाळेत मी नेते आणि मीच आणते, हात धरून. यावरून घरात रोज शब्दाला शब्द वाढतो. वहिनी म्हणते, ‘वन्सं, घोडी झाली आता ती. किती दिवस धरणार?’ धाकटा म्हणतो की लग्नातही आत्याच हात धरून उभी राहील. भिंगरीला मैत्रिणींबरोबर एकटीने जायचंय, मैत्रिणी हसतात तिला. तिचा राग बरोबर आहे. माझ्यापाशी कुणालाच द्यायला कारण नाही. पोर फुटपाथवर जराशी एका बाजूला जाते, एवढंच कारण, आणि ते काय कारण झालं?

गाडी लांब गेल्यापासून ओढ हलकी झाली होती. इतकी की एखाद्या दिवशी ती नाहीच असं मी स्वतःला पटवून द्यायचे. टाकीच्या पलीकडे, लांब, एकाच जागी. पूर्वी मी ती दोन बोटांनी रोज तपासत असे. मग तेही सोडलं. घट्ट धरलं की काही कळत नाही, वडील म्हणायचे. म्हटलं, नाहीच कळली तर बरंच आहे. तेव्हापासून मी तिचा हात दोन्ही हातांनी धरते.

आज सकाळीही तसाच धरला होता. तरी ओढ कळत होती.